अंधांचें बुद्धिबळ

घरांत दृष्टिहीन मूल असलें म्हणजे आईबाप त्याच्या शिक्षणाची चिंता करतात, गाण्याची शिकवणीहि ठेवतात. खेळाचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. भावंडें पट मांडून बसलीं कीं त्यानें शेजारीं बसून नुसतें ऐकावें, असा जणूं रिवाजच! वास्तविक बुद्धिबळ त्याला बरोबरीच्या नात्यानें खेळतां येतें. अंधांच्या क्रिकेटमध्यें चेंडू खुळखुळणारा लागतो व पूर्ण अंध फलंदाजाची धाव दुप्पट मोजतात. बुद्धिबळांत गुणांची अशी सवलत नाहीं; बदलावा लागतो तो पट.

या पटावरील काळीं घरें पांढऱ्या घरांहून किंचित् उंच असतात. प्रत्येक घराच्या मध्यभागीं छिद्र असतें व मोहऱ्याच्या बुडाची खुंटी त्यांत घट्ट बसते. काळ्या मोहऱ्यांना ओळखण्यासाठीं माथ्यावर खूण असते. बोटें फिरवितांच सारा डाव कळतो, आणि मोहरे कलंडत नाहींत.

परंतु येथेंच एक पेंच होता. हात लावलेला मोहरा हलविलाच पाहिजे, हा बुद्धिबळाचा कडक नियम. ज्याचें पाहणेंच बोटांनीं, त्यानें हात न लावतां डाव पाहावा कसा? आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत याचा निवाडा मोठा सुरेख केला आहे : मोहरा छिद्रांतून उपसला, तरच त्याला ‘हात लागला’ असें धरावयाचें; दुसऱ्या छिद्रांत तो बसला आणि खेळी उच्चारली कीं ती पुरी. शिस्त कायम राहिली आणि पाहण्याची मोकळीकहि मिळाली.

अंधांचें पहिलें बुद्धिबळ ऑलिंपियाड १९६१ सालीं जर्मनींतील मेशेडे येथें भरलें. पुढें २०२३ सालीं चीनमधील हांगझौ येथें झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत बडोद्याचे श्री. दर्पण इनानी यांनीं बुद्धिबळाचें सुवर्णपदक मिळविलें; त्यांची दृष्टि बालपणींच गेली होती.

प्रतिपक्षी डोळस असला तर दोघांचे दोन पट मांडतात. एकानें खेळी मोठ्यानें सांगावयाची, दुसऱ्यानें ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर करावयाची. ‘बी’, ‘डी’, ‘ई’ हीं अक्षरें कानाला सारखींच लागतात. म्हणून स्पर्धांत उभ्या रांगांना आना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्टाव्ह, हेक्टर अशीं नांवें दिलीं आहेत. घरीं मराठी नांवें ठेवलीं तरी कोण अडवितो? घरच्या डावांत अडचण पडते ती बहुधा डोळस भावंडाला. मुकाट्यानें प्यादें पुढें सारण्याची संवय त्याला सोडावी लागते.