विद्युत्-उपचार : पट्टी कोठे लावावी?

वेदना शमविण्यासाठी व दुर्बल स्नायूंना चालना देण्यासाठी सौम्य विद्युत्प्रवाहाचा उपयोग केला जातो. ही लहान यंत्रे आता घरगुती वापरासाठीही मिळतात. मात्र त्यांची चिकट पट्टी कोठे लावली, यावरच गुण पुष्कळसा अवलंबून असतो.

मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवितात. दुखरा भाग चोळल्यावर बरे वाटते, ते यामुळेच. म्हणून वेदनाशमनासाठी पट्ट्या दुखऱ्या जागेच्या दोहों बाजूंस लावतात. कंबरदुखीत कण्याच्या दोन्ही अंगांस, प्रत्यक्ष मणक्यांवर नव्हे.

स्नायूंचे काम निराळे. तेथे स्नायू सर्वांत सहज आकुंचन पावतो तो बिंदू गाठावा लागतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी रोडावली असल्यास एक पट्टी मांडीच्या वरच्या, बाहेरील भागावर व दुसरी गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतील बाजूस लावतात. आकुंचन नीट होत नसेल, तर प्रवाह वाढविण्याची घाई न करता यंत्र बंद करून पट्टी बोटभर सरकवून पाहावी. पट्ट्या फार जवळ ठेवल्यास प्रवाह त्वचेलगतच राहतो.

मानेच्या पुढील भागावर, छातीवर, जखमेवर वा बधिर त्वचेवर पट्टी कदापि लावू नये. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या रुग्णास त्वचा भाजल्याचेही कळत नाही. हृदयास पेसमेकर बसविलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवतींनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून यंत्रास हातच लावू नये.