शिक्षकांनी पाहावा असा इस्रायल

मसादा किल्ल्याच्या उत्तर भागात १९६३ ते १९६५ या काळात उत्खनन झालं, तेव्हा अकरा छोटी खापरं मिळाली. प्रत्येकावर एकेक नाव किंवा टोपणनाव आणि त्यांतल्या एकावर ‘बेन याइर’. एलाझार बेन याइर हा रोमन सैन्यापुढे हा किल्ला शेवटपर्यंत लढवणाऱ्या ज्यू बंडखोरांचा म्होरक्या. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसीफस लिहितो, की पराभव अटळ दिसल्यावर गडावरच्या पुरुषांनी आपापल्या बायकामुलांना मारलं. मग चिठ्ठ्या टाकून दहा जण निवडले, त्या दहांनी बाकीच्यांना संपवलं आणि शेवटी त्यांच्यातल्याच एकानं उरलेल्या नऊ जणांना मारून स्वतःवर तलवार चालवली. एकूण ९६० जण मेले. लपून बसलेल्या दोन स्त्रिया आणि पाच मुलं तेवढी वाचली. उत्खननाचे प्रमुख यिगाएल यादिन यांना वाटलं, की याच त्या चिठ्ठ्या असाव्यात.

पण जोसीफसच्या गोष्टीत चिठ्ठ्यांतून निवडलेली माणसं दहा आणि सापडलेली खापरं अकरा. शिवाय अशी मजकूर लिहिलेली सातशेहून अधिक खापरं या गडावर मिळाली आहेत. ती शिधावाटपाची असू शकतात, पहाऱ्याच्या पाळीचीही असू शकतात. म्हणजे वस्तू हातात आहे, ग्रंथ समोर आहे, तरी दोघांची गाठ पडेलच असं नाही. आपल्या शाळांत ‘इतिहासाची साधने’ हा धडा दरवर्षी शिकवला जातो. भौतिक, लिखित, मौखिक अशी तीन नावं मुलं पाठ करतात, मार्क मिळतात, विषय संपतो. ही साधनं एकमेकांशी झगडताना पाहायची असतील, तर शिक्षकांच्या अभ्याससहलीसाठी इस्रायलइतका योग्य देश मला दुसरा दिसत नाही. एवढ्याशा भूमीवर इतके दावे आणि इतके पुरावे क्वचितच एकत्र आले असतील.

मसादा चढायला पूर्वेकडून ‘सर्पवाट’ आहे, पश्चिमेकडून रोमनांनी वेढ्याच्या वेळी रचलेला मातीदगडांचा उतार आहे आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी रोपवे आहे. माथ्यावरून खाली पाहिलं, की रोमन छावण्यांचे चौकोन दोन हजार वर्षांनंतरही वाळवंटात स्पष्ट दिसतात. वेढ्याची भिंतही दिसते. भूगोलाच्या शिक्षकांनी इथे मिनिटभर थांबून हिशेब करावा. गडाचा माथा मृत समुद्रापासून साडेचारशे मीटर उंच आहे, पण खऱ्या समुद्रसपाटीच्या तो जेमतेम वर भरतो, कारण मृत समुद्राचं पाणीच समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून अधिक खाली आहे. आणि ते पाणी दरवर्षी मीटरभर उतरतंय. त्यामुळे किनाऱ्यावर जमीन खचून मोठाले खड्डे पडत आहेत.

इतिहासाच्या शिक्षकांनी मात्र मसादाची गोष्ट कशी घडली यापेक्षा ती कशी सांगितली गेली, याकडे जास्त लक्ष द्यावं. यादिन पुरातत्त्वज्ञ होते, तसेच इस्रायली सैन्याचे माजी प्रमुखही. देश नवा होता, त्याला शौर्यकथा हवी होती. हजारो स्वयंसेवक खोदकामाला आले. सैनिकांचे शपथविधी या माथ्यावर झाले. पण जोसीफसच्याच ग्रंथात असंही लिहिलंय, की गडावरच्या याच बंडखोरांनी जवळच्या एन गेदी या ज्यू वस्तीवर सणाच्या दिवसांत छापा घालून सातशेहून अधिक बायकामुलं मारली. शौर्यकथेतून हा भाग गळाला. समाजशास्त्रज्ञ नाखमान बेन-येहुदा यांनी १९९०च्या दशकात ही गळती पुराव्यानिशी मांडली. ती मांडणाराही इस्रायलीच होता, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे. शिवाय जोसीफस स्वतः मसादाला नव्हता. तो आधीच रोमनांना शरण गेला होता आणि रोममध्ये बसून लिहीत होता. ९६० मृतांच्या मानानं उत्खननात सांगाडेही मोजकेच मिळाले. मुलांसमोर हे सगळं ठेवावं आणि विचारावं: आता सांगा, काय घडलं असेल आणि कशावरून?

विज्ञानाच्या शिक्षकांसाठीही इथे एक गोष्ट आहे. उत्खननात खजुराच्या काही बिया मिळाल्या होत्या. चाळीस वर्षं त्या तशाच पडून होत्या. २००५ मध्ये केतुरा या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतवस्तीत, त्यांतली एक रुजली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बी! त्या रोपाला बायबलमधल्या दीर्घायुषी पुरुषाचं, मेथुसेलाहचं नाव दिलं. ते नर झाड निघालं. पुढे तशाच जुन्या बियांतून मादी झाडं वाढवली गेली आणि मेथुसेलाहच्या परागांवर त्यांना खजूरही लागला.

जेरुसलेममधल्या याद वाशेमसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचं हे स्मारक १९५३च्या कायद्यानं उभं राहिलं. आजचं संग्रहालय २००५चं, वास्तुरचनाकार मोशे साफदी. टेकडीला आरपार छेदणारी १८० मीटर लांबीची त्रिकोणी काँक्रीटची पोकळी आणि दोन्ही बाजूंना दालनं. मधून सरळ चालत पुढे जाता येत नाही, वाट अडवलेली आहे. एका दालनातून बाहेर पडून समोरच्या दालनात शिरावंच लागतं. काहीही टाळून पुढे जाता येत नाही.

पण सुरुवात मृत्यूनं होत नाही. पहिल्याच भिंतीवर युद्धाआधीच्या ज्यू आयुष्याची जुनी चित्रफीत चालू असते: रस्ते, घरं, वाद्यं वाजवणारी माणसं, कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवणारी मुलं. ही शिकवण्याची पद्धतच आहे. याद वाशेमच्या आवारात शिक्षकांसाठी एक स्वतंत्र शाळा १९९३ पासून चालते. जगभरचे शिक्षक तिथे येऊन हा विषय वर्गात कसा न्यावा ते शिकतात. तिचं सूत्र असं, की मुलांना या अंधारात सांभाळून न्यायचं आणि सांभाळून बाहेर आणायचं. प्रेतांच्या ढिगांचे फोटो दाखवून हादरवायचं नाही. वर्गात छळछावणीचं नाटक करायचं नाही. आकड्यांऐवजी एक माणूस घ्यायचा, त्याचं घर, त्याचा छंद, त्याची शाळा सांगायची आणि मग त्याचं पुढे काय झालं ते. दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य संग्रहालयात प्रवेशच नाही. आपल्याकडे दुष्काळ, फाळणी, जातीय अत्याचार शिकवताना आपण एक तर दोन ओळींत विषय उरकतो, नाहीतर मुलांच्या अंगावर फोटो फेकतो. त्या मधल्या वाटेचा इतका बारकाईनं विचार झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शेवटच्या टप्प्यावर नावांचं दालन आहे. नातेवाईकांनी, शेजाऱ्यांनी भरून दिलेली साक्षीपत्रं भोवतीच्या कपाटांत ठेवली आहेत. पानागणिक एक माणूस. आजवर सुमारे पन्नास लाख नावं जमली आहेत आणि उरलेल्यांचा शोध चालू आहे.

बाहेर आवारात यानुश कोरचाक यांचं शिल्प आहे. मुलांना कवेत घेतलेला एक माणूस. आपल्या शिक्षकांनी इथे सावकाश थांबावं. कोरचाक मूळचे डॉक्टर. वॉर्सामध्ये त्यांनी १९१२ पासून अनाथाश्रम चालवला. तिथे मुलांचं स्वतःचं न्यायालय असे आणि त्यात शिक्षकांवरही तक्रार करता येई. नाझींनी ज्यूंना कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबलं, तेव्हा आश्रमही तिथे हलवावा लागला. त्या उपासमारीत, १८ जुलै १९४२ रोजी, आश्रमातल्या मुलांनी एक नाटक बसवून सादर केलं: रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’. आजारी असल्यामुळे घराबाहेर पडू न शकणारा, राजाच्या पत्राची वाट पाहणारा अमल त्या मुलांनी रंगवला. तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्टच्या सुरुवातीला, सुमारे दोनशे मुलांसह कोरचाक आणि त्यांच्या सहकारी स्तेफा विल्चिन्स्का यांना त्रेब्लिंका मृत्युछावणीकडे नेण्यात आलं. कोरचाक यांच्याकडे स्वतःच्या सुटकेची संधी होती. त्यांनी मुलांची साथ सोडली नाही. ‘डाकघर’ शिकवताना ही एक गोष्ट सांगितली, तरी त्या नाटकाचा वेगळाच अर्थ मुलांपर्यंत पोचेल.

जेरुसलेमच्या तटबंदीतल्या जुन्या शहराबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की मी त्यातल्या दोनच जागा सांगतो. येशूच्या कबरीवरच्या चर्चमध्ये ख्रिस्ती पंथांचे हक्क इतके काटेकोर वाटलेले आहेत, की दर्शनी भागावरच्या सज्जात एक शिडी किमान अठराव्या शतकापासून तशीच उभी आहे. सगळ्यांच्या संमतीशिवाय ती कोणी हलवायची नाही. दाराच्या किल्ल्या आणि दार उघडण्याचा मान दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. दुसरी जागा हेरोद दरवाजाजवळची भारतीय धर्मशाळा. पंजाबचे सूफी संत बाबा फरीद इथे राहिले होते अशी परंपरा आहे आणि १९२४ पासून मूळच्या सहारनपूरच्या अन्सारी घराण्याकडे तिची व्यवस्था आहे. जुनं शहर पूर्व जेरुसलेममध्ये येतं. १९६७च्या युद्धात इस्रायलनं ते घेतलं आणि पुढे आपल्यात सामील केलं, पण जगातले बहुतेक देश तो ताबा मानत नाहीत. मुलांच्या हाती नकाशा देताना हे सांगावंच लागतं.

हैफामध्ये भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळानं भाले घेऊन, मशीनगनचा मारा झेलत हे शहर तुर्कांकडून घेतलं. मेजर दलपत सिंग त्यात पडले. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाच्या नावात २०१८ पासून ‘हैफा’ आलं, ते यामुळे.

मसादाहून आराद मार्गे वाळवंटातून निघालं, की १९५५ मध्ये वसवलेलं डिमोना लागतं. सर्वसाधारण सहली इथे थांबत नाहीत. मराठी शिक्षकांनी थांबलंच पाहिजे. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची मोठी वस्ती या गावात आहे. पेणकर, नवगावकर, चेऊलकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं रायगड जिल्ह्याचा नकाशाच समोर ठेवतात. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरागत कथा. तिला लेखी पुरावा नाही. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात भारतीय आणि ज्यू अशी दोन्ही वंशसूत्रं ठळकपणे दिसली. मौखिक साधन म्हणून काय टिकतं आणि त्याची पडताळणी कशी होते, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

या माणसांना इस्रायलमध्ये सहज स्वीकारलं गेलं नाही. मुख्य धर्मपीठानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याशी लग्न लावण्याआधी वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ असा त्याचा अर्थ. बेने इस्रायली रस्त्यावर आले, १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, संसद त्यांच्या बाजूनं उभी राहिली आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. पुरावा मागण्याचा हक्क कोणाला आणि तो कोणाकडून मागितला जातो, हेही इतिहासाच्या वर्गात यायला हवं.

मराठी मात्र त्यांनी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं त्यांचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत आलं आहे. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली होती. शुभप्रसंगी एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, नावानं आजही मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि वर फळं. नव्या वर्षाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा घोटतात. धर्माप्रमाणे मांसाच्या जेवणाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. ती अडचण कोकणच्या नारळानं सोडवली.

एक विषय बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात नसतो. तो शिक्षकांनी स्वतः आणावा. याद वाशेमपासून जवळच, दुसऱ्या टेकडीवर देर यासीन हे अरब गाव होतं. एप्रिल १९४८ मध्ये तिथे ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून अधिक गावकऱ्यांना मारलं. त्या वर्षीच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. एकाचा स्वातंत्र्यदिन ती दुसऱ्याची ‘नकबा’, म्हणजे महासंकट. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंनी मेली. त्यांत मुलं फार मोठ्या संख्येनं होती. यातलं काहीही गाळून इस्रायल शिकवता येणार नाही.

तिथल्याच काही शिक्षकांनी हे शिकवून दाखवलं आहे. ‘हँड इन हँड’ संस्थेच्या शाळा १९९८ पासून चालू आहेत. त्यांत ज्यू आणि अरब मुलं एकत्र बसतात आणि हिब्रू व अरबी दोन्ही भाषांत शिकतात. २०१४ मध्ये त्यांच्या जेरुसलेमच्या शाळेला आग लावली गेली, पण शाळा चालू राहिली. इस्रायली मानसशास्त्रज्ञ दान बार-ऑन आणि पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान यांनी दोन्हीकडच्या इतिहास शिक्षकांना एकत्र बसवून एक पाठ्यपुस्तक तयार केलं. पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी कथन आणि मध्ये विद्यार्थ्यानं लिहायला मोकळी जागा. इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयानं शाळांत त्याचा वापर होऊ दिला नाही. ते २०१२ मध्ये ‘साइड बाय साइड’ या नावानं इंग्रजीत निघालं. सहलीला निघण्याआधी गटातल्या प्रत्येक शिक्षकानं त्यातलं १९४८वरचं प्रकरण वाचून घ्यावं आणि कार्यक्रम आखताना शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ बहुतेक बसगाड्या आणि काही संग्रहालयं बंद असतात, हे ध्यानात ठेवावं.