कृत्रिम स्वादुपिंड (स्वादुपिंड काढल्यानंतरचा मधुमेह)

कृत्रिम स्वादुपिंड ही शरीरातील साखरेचे सतत मोजमाप करून त्यानुसार संप्रेरक सोडणारी स्वयंचलित यंत्रणा आहे. कर्करोग किंवा दीर्घकालीन स्वादुपिंडदाह यांमुळे संपूर्ण स्वादुपिंड काढावे लागल्यास मधुमेह अटळ असतो. अशा रुग्णांसाठी ही यंत्रणा विशेष महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे दाखवले. या मधुमेहात केवळ इन्सुलिन नाहीसे होत नाही. साखर उतरू लागताच यकृतातील साठा मोकळा करणारे ग्लुकागॉनही जाते. त्यामुळे इन्सुलिनची मात्रा किंचित अधिक झाली, तरी घसरलेली साखर सावरणे कठीण होते. शिवाय पाचक विकरे कॅप्सूलमधून घ्यावी लागतात. जेवताना कॅप्सूल राहून गेली, तर ज्वारीची भाकरी नीट पचत नाही. इन्सुलिन मात्र पूर्ण भाकरीच्या हिशेबाने गेलेले असते.

कार्यपद्धती

त्वचेखालील संवेदक दर काही मिनिटांनी पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो, संगणकीय प्रणाली मात्रा ठरवते आणि पंप बारीक नळीतून इन्सुलिन सोडतो. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘मिनीमेड ६७०जी’ हे या प्रकारचे पहिले उपकरण. त्यात जेवणातील कर्बोदकांची नोंद रुग्णालाच करावी लागते. साखर उतरू लागल्यास असे उपकरण इन्सुलिन थांबवू शकते. साखर वाढवू मात्र शकत नाही.

ही उणीव द्विसंप्रेरक उपकरण भरून काढते. नेदरलँड्समधील ‘इन्रेडा’ कंपनीच्या अशा उपकरणाची चाचणी संपूर्ण स्वादुपिंड काढलेल्या रुग्णांवर झाली व तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर योग्य मर्यादेत राहण्याचा काळ नेहमीच्या उपचारांत सुमारे ५७ टक्के होता, तो ७८ टक्क्यांवर गेला. चाचणी पूर्ण करणारे रुग्ण अवघे १० होते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

विदर्भातील या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. पंपात वापरल्या जाणाऱ्या काही इन्सुलिनांच्या माहितीपत्रकात ३७ अंशांहून अधिक तापलेले औषध टाकून देण्याची सूचना असते. घरातली कुपी ओल्या मातीच्या भांड्यात गार ठेवता येते. शेतात काम करणाऱ्याच्या कमरेवरील पंपाला ती सोय नाही. द्रवरूप ग्लुकागॉन तर त्याहून नाजूक असून डच उपकरणात ते रोज नवे भरावे लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. संवेदक, नळ्या व औषध यांचा खर्च घरी परतल्यावर आयुष्यभर चालतो. पंपात केवळ जलद परिणामी इन्सुलिन असल्याने नळी अडकली, तर काही तासांतच शरीर इन्सुलिनविना राहते. झरी जामणीसारख्या तालुक्यातून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दूर पडते. म्हणून पंप वापरणाऱ्यानेही इन्सुलिनचे पेन, साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि खिशात थोडी साखर बाळगणे आवश्यक असते.