सेवक हाच स्वामी : इंडियन कॉफी हाऊसचा अनुभव

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाच्या सहा दिशा सांगितल्या आहेत. त्यांतील खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार. कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी, ही मालकाची पाच कर्तव्ये होत. मालकाआधी उठावे, त्याच्यानंतर निजावे, दिलेलेच घ्यावे, काम नीट करावे आणि मालकाचा लौकिक वाढवावा, ही कामगाराची पाच. परंतु कामगार हाच मालक झाला तर या दहा कर्तव्यांचे काय होते? आपल्याच देशातील एका आतिथ्य-व्यवसायाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

भारतीय कॉफीचा खप वाढावा या हेतूने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे इंडिया कॉफी हाऊस सुरू झाले. पुढे कॉफी बोर्डाने अनेक शहरांत अशी उपाहारगृहे चालविली. १९५० नंतरच्या दशकात बोर्डाने ती बंद करण्याचे ठरविले आणि कामगारांवर बेकारीची पाळी आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी, सहकारी संस्था स्थापून ही उपाहारगृहे तुम्हीच चालवा, असा सल्ला त्यांना दिला. हेच गोपालन १९३१ च्या गुरुवायूर मंदिरप्रवेश सत्याग्रहात स्वयंसेवकांचे नायक होते. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूर येथे पहिली संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला नवी दिल्लीत आणि ८ मार्च १९५८ रोजी केरळात त्रिशूर येथे कामगारांचे कॉफी हाऊस उघडले. केरळात तर त्याच्या शाखा गावोगाव पसरल्या.

कोणाच्या हातचे पाणी चालते यावर ज्या देशात माणसाची किंमत ठरत होती, त्या देशात कपबशा उचलणारे हात कारभार पाहू लागले, ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र सत्ता हाती येताच योग्यता येतेच असे नाही. हिशेब ठेवणे, दूध व साखर वेळेवर खरेदी करणे, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलणे हे शिकावेच लागते. त्याहून कठीण म्हणजे सहकाऱ्याची चूक दाखविणे. कारण आज ज्याला समज द्यावयाची, उद्या त्याचेच मत मागावयाचे असते. येथे मैत्री हवी, पण भिडस्तपणा नको.

व्यवसाय वाढला की अडचणही वाढते. एका शाखेत सर्व जण एकमेकांना ओळखतात. पन्नास शाखांत ते शक्य नसते. तेथे व्यक्तीच्या वजनाऐवजी सर्वांना सारखा लागू होणारा नियमच उपयोगी पडतो. भिक्खुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम ठाऊक होते, याकडे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात लक्ष वेधले होते. नियमाने चालणारा संघ नेता बदलला तरी टिकतो.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, ही दहाही कर्तव्ये एकाच माणसाच्या अंगी यावी लागतात. दिलेलेच घेणे हे शील गल्ल्यावर बसणाऱ्याला अधिक लागू पडते, आणि आजारी सहकाऱ्याची चौकशी करणे हे प्रत्येकाचे काम ठरते. आज आपले तरुण खानावळी, उपाहारगृहे काढीत आहेत. काल आपण ज्या वागणुकीने दुखावलो, ती आज आपल्या हाताखालच्या मुलाला मिळत नाही ना, हे त्यांनी रोज तपासावे. नेतृत्वाची खरी वाढ तेथेच मोजली जाते.