नोम ते प्रोविडेनिया : अंतर किती, वेळ किती?

आमचे शाळेतले शिक्षण चौथीपुढे गेले नाही. भूगोल जो काही शिकलो तो युनियनच्या कचेरीत, भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहून. त्या नकाशाने आम्हांला बरीच वर्षे फसविले. अलास्का त्याच्या एका टोकाला, सैबेरिया दुसऱ्या टोकाला आणि मधे सगळे जग! पुढे पृथ्वीचा गोल हाती आला तेव्हा कळले, की ही दोन टोके एकमेकांना जवळजवळ चिकटलेली आहेत.

अलास्कातील नोम आणि रशियातील प्रोविडेनिया ही तिकडची दोन आडबाजूची गावे. दोन्हीकडे विमानतळ आहे. नोमला तर राज्याच्या मोठ्या शहरांकडून मोटाररस्ताच नाही. दोन्ही गावे उत्तरेस सुमारे साडेचौसष्ट अक्षांशावर. रेखांशात अंतर 7.8 अंशांचे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. पण या रेषा ध्रुवाकडे जाताना एकवटत जातात, म्हणून येथे तो अंश 48 किलोमीटरांवर येतो. गुणाकार करून पाहा, सुमारे 375 किलोमीटर होतात. जेट विमानाला पाऊण तास. पंख्याच्या लहान विमानाला तासाहून थोडे अधिक.

आता घड्याळ पाहा. दोन गावांमधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते, आणि हिवाळ्यात त्यांच्या घड्याळांत 21 तासांचा फरक असतो. सोमवारी सकाळी दहाला नोमहून निघून तासाभराने उतरावे, तर तेथे मंगळवारचे सकाळचे आठ. मंगळवारी दहाला परत फिरावे, तर नोमला सोमवारचे दुपारचे दोन! कामाच्या तासांचे हिशेब करण्यात जन्म गेलेल्या आमच्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की वैमानिकाची हजेरी कोणत्या वाराला मांडायची? विमानाच्या धंद्याने याचा निकाल केव्हाच लावला आहे. साऱ्या जगासाठी एकच वेळ धरायची, आणि विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ मोजायचा. गावच्या घड्याळाला त्यात वाव नाही. आमच्या गिरणीच्या भोंग्याला हा नियम लागू असता तर किती भांडणे वाचली असती!

पण खरा वेळ याहून निराळाच लागला आहे. नोमच्या नैर्ऋत्येस सेंट लॉरेन्स नावाचे बेट आहे. ते अमेरिकेचे, पण सैबेरियाचा किनारा तेथून साठेक किलोमीटरच. बेटावर युपिक लोक राहतात आणि त्या किनाऱ्यावरही त्यांचेच भाईबंद. भाषा एक, सोयरिकी एकमेकांत. कातड्याच्या होड्यांतून त्यांची जा-ये चाले. 1948 साली दोन सरकारांतल्या वैरापायी ही वाट बंद झाली. मावशी एका तीरावर, भाचा दुसऱ्या तीरावर. पुढे 13 जून 1988 रोजी अलास्का एअरलाइन्सचे विमान नोमहून प्रोविडेनियाला उतरले. त्यात युपिक मंडळीही होती. पाऊण तासाच्या या प्रवासाला 40 वर्षे लागली होती. 1989 साली दोन्ही तीरांवरच्या मूळ रहिवाशांना व्हिसाशिवाय भेटी घेण्याची मुभा देणारा करार झाला, आणि नोमहून भाड्याची लहान विमाने जाऊ लागली.

2022 साली युक्रेनच्या युद्धानंतर अमेरिकेने रशियन विमानांस आपले आकाश बंद केले. आता नोमच्या माणसाला प्रोविडेनिया गाठायचे तर पूर्वेकडे तोंड करून निघावे लागते : तिसऱ्या एखाद्या देशातून मॉस्को, मॉस्कोहून अनादिर. हा शेवटचा टप्पाच सुमारे 6,200 किलोमीटरांचा, आठ-नऊ तासांचा. तेथून प्रोविडेनियाला लहान विमान. तेही हवा उघडली तर.