अकरा जुलैला घरी येईन!

२०१६ सालचा जून महिना. फ्रान्समध्ये युरोपीय अजिंक्यपदासाठी फुटबॉलच्या झुंजी रंगल्या होत्या. पोर्तुगालचे पहिले दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि मायदेशी टीकेचा भडिमार सुरू झाला. अशा वेळी संघाचे प्रशिक्षक फर्नांदो सांतोस यांनी शांतपणे सांगून टाकले की, आपण ११ जुलैलाच परतणार, असे घरी कळवले आहे. अंतिम सामना होता १० जुलैला! ऐकणाऱ्यांना हसू आले असेल, तर नवल नाही.

हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर. जन्म लिस्बनचा, १९५४ सालचा. एस्टोरिल आणि मारिटिमो या संघांच्या बचावफळीत खेळता खेळता त्यांनी विद्युत व दूरसंचार शाखेची पदवी पदरात पाडून घेतली. एका हॉटेलात देखभालीची नोकरीही केली. पण मैदानाची ओढ स्वस्थ बसू देईना. ते प्रशिक्षक झाले. १९९९ मध्ये पोर्तो संघाने लागोपाठ पाचवे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हा लोक त्यांना कौतुकाने ‘पाचव्या अजिंक्यपदाचा इंजिनिअर’ म्हणू लागले.

बचावपटूचा धर्म एकच: आधी आपले घर राखावे. या धर्माचा तडाखा पोर्तुगालने २००४ साली सोसला होता. खुद्द लिस्बनमध्ये, युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, ग्रीसने अभेद्य बचावाच्या जोरावर त्यांना १-० असे हरवले होते. त्याच ग्रीसमध्ये सांतोस यांनी पुढे बरीच वर्षे काढली. २०१० ते २०१४ तेथील राष्ट्रीय संघही सांभाळला. मग मायदेशाचे बोलावणे आले.

फ्रान्समध्ये तिसरा सामनाही बरोबरीतच सुटला! पुढे क्रोएशियाला जादा वेळेत, पोलंडला पेनल्टीवर नमवले. सातांपैकी एकच सामना, वेल्सविरुद्धचा, त्यांनी ठरल्या नव्वद मिनिटांत जिंकला. अंतिम सामन्यात गाठ यजमान फ्रान्सशी. अर्धा तासही झाला नाही, तोच रोनाल्डो जायबंदी होऊन डोळे पुसत बाहेर गेला. तरी बचावाची भिंत ढळली नाही. सांतोस यांनी उशिरा उतरवलेल्या एडरने १०९ व्या मिनिटाला गोल केला!

हा खेळ रुक्ष, अशी तक्रार होते. ती अगदीच खोटी नाही. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने तशाच चिवट बचावाने पोर्तुगालला घरी धाडले आणि सांतोस यांचे पद गेले. पण युसेबियो, फिगो या जादूगारांना आपल्या देशासाठी जे जमले नाही, ते या रुक्ष इंजिनिअरने करून दाखवले. ११ जुलैला ते बोलल्याप्रमाणे घरी आले. सोबत चषक होता!