प्रोसेस यादीत दिसते, म्हणजे काम चालू आहे?

युनिक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला कर्नल एक क्रमांक देतो, प्रोसेसच्या तक्त्यात त्याची नोंद ठेवतो आणि प्रोसेसरचा वेळ त्याला वाटून देतो. यांतल्या मोजक्या प्रोसेसवर बाकी सगळ्याची भिस्त असते: डेटाबेस, उपकरणांकडून आकडे घेणारा प्रोग्रॅम, धोक्याची सूचना पाठवणारी सेवा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात. अशा ठिकाणी रात्री तीन वाजता एखादी प्रोसेस अडकली, तर ते कोणाला आणि किती वेळात कळणार, हा प्रश्न केवळ संगणक विभागापुरता राहत नाही. या देखरेखीबद्दलचे काही समज मात्र मुळातच चुकीचे आहेत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा, की ‘पीएस’ या आज्ञेने मिळणाऱ्या यादीत नाव दिसले म्हणजे प्रोसेस ठीक चालली आहे. वस्तुस्थिती अशी, की यादी फक्त अस्तित्व सांगते. हजेरी लागली म्हणून कामगार यंत्रापाशी उभा आहे असे ठरत नाही, तसेच हे. एखादा प्रोग्रॅम दर पाच सेकंदांनी रासायनिक पात्राचे तापमान वाचून पडद्यावर दाखवतो, असे समजा. उपकरणाकडून उत्तर येणे थांबले आणि प्रोग्रॅममध्ये वाट पाहण्याला मुदत घातलेली नसली, तर तो त्या वाचनावरच खिळून राहतो. पडद्यावर शेवटचा आकडा, समजा ८४ अंश, तसाच राहतो. पात्र तापत असले तरी आकडा हलत नाही. यादीत या प्रोसेससमोर ‘एस’ हे अक्षर, म्हणजे झोपलेली अवस्था, दिसते. आणि पुढच्या फेरीची वाट पाहणाऱ्या निरोगी प्रोसेससमोरही तेच अक्षर असते. अनेक देखरेख-स्क्रिप्ट ‘किल -०’ वापरतात. त्या आज्ञेने कोणताही सिग्नल जात नाही, त्या क्रमांकाची प्रोसेस आहे की नाही एवढेच कळते. त्यातही तो क्रमांक जुन्या फाइलमधून घेतलेला असला तर फसगत ठरलेली. मूळ प्रोसेस केव्हाच मेलेली असते आणि तिचा क्रमांक दुसऱ्याच प्रोग्रॅमला मिळालेला असतो, कारण क्रमांकांना मर्यादा आहे. लिनक्सची मूळ मर्यादा ३२,७६८ ही आहे. ती गाठली की सुटे झालेले क्रमांक पुन्हा वापरात येतात.

म्हणून पाहायचे ते काम. प्रत्येक फेरी पूर्ण झाल्यावर, आधी नव्हे, प्रोग्रॅमने वेळेची नोंद करावी आणि ती नोंद किती शिळी आहे हे दुसऱ्या कोणी तपासावे.

दुसरा समज असा, की मेलेली महत्त्वाची प्रोसेस कर्नल आपणहून पुन्हा सुरू करतो. कर्नल तसे करत नाही. तो पालक प्रोसेसला कळवतो आणि तेथे त्याची जबाबदारी संपते. पुन्हा सुरू करण्याचे काम क्रमांक १ च्या ‘इनिट’चे किंवा त्याने नेमलेल्या व्यवस्थापकाचे. सिस्टम-व्ही पद्धतीत ‘इनिटटॅब’ फाइलमध्ये ‘रिस्पॉन’ लिहिले की हे घडते. मात्र लिनक्सवरच्या त्या पद्धतीच्या इनिटला एखादी प्रोसेस २ मिनिटांत १० पेक्षा जास्त वेळा उठवावी लागली, तर तो ५ मिनिटे तिचा नाद सोडतो. सोलारिसने २००५ साली दहाव्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र सेवा-व्यवस्था आणली, लिनक्समध्ये २०१० पासून ‘सिस्टमडी’ आले. खुद्द क्रमांक १ मेला, तर लिनक्सचा कर्नल पुढे चालण्यास नकार देऊन पॅनिकमध्ये जातो.

‘किल -९’ने काहीही मरते, हाही असाच एक समज. झॉम्बी आधीच मेलेली असते. पालकाने तिचा अखेरचा निकाल उचललेला नसतो, म्हणून तक्त्यातली ओळ तेवढी उरते. दोष पालकात शोधावा. ‘डी’ अवस्थेतली प्रोसेस डिस्क किंवा नेटवर्कवरच्या साठ्याच्या उत्तरासाठी कर्नलमध्ये थांबलेली असते आणि सहसा त्यातून बाहेर येईपर्यंत तिला सिग्नल लागू पडत नाही. लिनक्स ‘लोड अॅव्हरेज’मध्ये अशा प्रोसेसही मोजतो. त्यामुळे लोड ४० आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा, हे चित्र अशक्य नाही. तेथे नवा प्रोसेसर घेऊन काही साधत नाही. साठा तपासावा लागतो.

पहारेकरी त्याच यंत्रावर बसवला की पुरे, हा शेवटचा गैरसमज आणि तो सुजाण माणसांचाही होतो. कर्नलच गोठला तर त्यावर चालणारा पहारेकरीही गोठतो. यासाठी वॉचडॉग नावाचे वेगळे हार्डवेअर असते: ठरावीक मुदतीत त्याला खूण मिळाली नाही, तर ते यंत्र रीसेट करते. ही खूण टायमरच्या इंटरप्टमधून देणे ही जुनी चूक आहे, कारण मुख्य काम अडकले तरी इंटरप्ट येतच राहतात आणि वॉचडॉगची समजूत पटत राहते.

देखरेख करणारा वेगळा हवा, हे तत्त्व किती गांभीर्याने घेता येते ते तारापूर अणुवीज केंद्रात दिसते. तेथे युनिक्सचा प्रश्न नाही. रचना पाहण्यासारखी आहे. ५४० मेगावॅटचे एकक ३ आणि ४ अनुक्रमे २००६ आणि २००५ मध्ये सुरू झाले. त्यांत शक्ती कमी-जास्त करणारी नियमन यंत्रणा वेगळी आणि अणुभट्टी बंद करणाऱ्या यंत्रणा वेगळ्या. बंद करणाऱ्याही दोन: एक कॅडमियमच्या दांड्या सोडते, दुसरी मंदायक जड पाण्यात गॅडोलिनियम नायट्रेट सोडते. दोन्हींचे तत्त्वच निराळे असल्यामुळे एकाच दोषाने दोन्ही निकामी होण्याची शक्यता फार कमी होते. मोजमापेही तिहेरी असतात आणि तिघांपैकी दोघांचे मत पडले की कृती होते. एक उपकरण बिघडले म्हणून भट्टी उगाच बंद पडत नाही आणि खरा धोकाही निसटत नाही.

साध्या सर्व्हरला एवढा डोलारा लागत नाही. पण आपली देखरेख खरी आहे का, हे चाचणीच्या यंत्रावर पाच मिनिटांत पाहता येते. महत्त्वाच्या प्रोसेसला ‘किल -स्टॉप’ द्यावे. ती मरत नाही, यादीतही राहते, फक्त काम थांबवते. ठरलेल्या वेळात सूचना आली नाही, तर देखरेख नव्याने बांधावी. आणि तपासून झाले की ती पुन्हा चालू करण्यासाठी ‘किल -कॉन्ट’ द्यायला विसरू नये.